सीताबाईचं दुसरं लगीन

सीताबाईच्या मयताला चमत्कार झाला असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर ते आधी डोक्यातून काढून टाका. चमत्कार-बिमत्कार काय नाय. मला राग आला होता. आमचा हैबतराव आता भजनाला बसला की डोळे मिटून सांगतो, की सीताबाई देवात मिळून गेली आणि त्याच घडीला हौसाबाईची वाचा थांबली. लोक माना डोलावतात. हौसाबाई म्हणजे मी. माझी वाचा कशानं थांबली ते मला विचारा की. पण मला कोण विचारतंय!

मी धवलारीण. पेणच्या खाली खाडीकाठाला आमची मिठागरांची गावं हायत. इकडं लग्नाला भटजी येतो, पण त्याच्या आधी धवलारीण लागते. हळदीपासून वरातीपर्यंत ती धवला म्हणते. मांडवात देव बोलवायचे, मेलेली माणसं बोलवायची, आणि मग गाण्यातच नवरीचं नाव घ्यायचं, नवऱ्याचं गाव घ्यायचं, नवऱ्याचं नाव घ्यायचं. ते नाव पडलं की लगीन लागलं. भटजीच्या अक्षता राहिल्या मागं.

हे सगळं मला सीताबाईनं शिकवलं. ती माझी सासू नाय, आत्या नाय, कोणी नाय. तिचा नवरा ऐन तरणा असताना मिठागरावर पान लागून, म्हणजे साप चावून, गेला, पोर ना बाळ. मी सून होऊन आले तेव्हा जात्यावर गुणगुणत होते, ते तिनं कुडाच्या पलीकडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला उचललीच. गाताना चुकले की कानाला चिमटा. पण जेवायला बसताना आधी माझ्या ताटात मासा पडायचा, मग तिच्या.

आमच्या बांधावर पीर हाय. किती जुना ते दाऊदकाकालाही ठाऊक नाय, आणि त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथं दिवा लावतंय. माघ सरता सरता उरूस भरायचा. मीठ पिकायला लागायच्या आधी आगरातला प्रत्येक माणूस तिथं नारळ ठेवायचा. आणि संदलाची मिरवणूक निघाली की सीताबाई पुढं उभी राहून धवला म्हणायची. तिच्या आधी तिची सासू म्हणायची. उरूस म्हणजे पिराचं लगीनच, देवाशी लागलेलं, असं दाऊदकाकाचा बाप सांगायचा. पीर मेला त्या दिवशी त्याचं लगीन लागलं. आता लगीन म्हटलं की धवलारीण आलीच, एवढा साधा हिशेब. कोणाला त्यात काय वावगं वाटलं नाय.

मग त्र्याण्णव साल आलं. मुंबईत जाळपोळ झाली, तिकडं कामाला असलेली पोरं घाबरीघुबरी होऊन गावात आली, आणि हैबतरावाला एकदम धर्म आठवला. हा भजनी मंडळाचा म्होरक्या. पेटी बरी वाजवतो, तेवढंच. देवळात माणसं गोळा करून त्यानं ठरवलं, की यंदापासून बांधावर कोणी जायचं नाय. धवला तर नायच नाय. जी म्हणेल तिला कोणी लग्नाला बोलवायचं नाय.

सीताबाई गेली. एकटी. चार कोळणी आणि दाऊदकाकाचं घर, एवढ्यांच्या पुढं उभी राहून खणखणीत आवाजात तिनं धवला म्हटला. वाऱ्यानं तो गावापर्यंत आला.

आणि मी? मी घरात बसले. माझ्या नूतनचं लगीन रोह्याला ठरलं होतं, जावई धाटावच्या कंपनीत शिफ्टला. गावानं वाळीत टाकलं तर सोयरीक मोडेल, हे भूत माझ्या मानगुटीवर. त्या वैशाखात नूतनच्या हळदीला मी सीताबाईला बोलावलं नाय. जिनं मला गाणं दिलं ती दोन घरं सोडून आपल्या ओटीवर बसलेली, आणि मी माझ्याच पोरीचा धवला माझ्याच तोंडानं म्हटला. त्या दिवसापासून गावातलं प्रत्येक लगीन माझ्याकडं आलं. तिच्याकडं एकही नाय. तीन वर्षं मी तिच्या ताटातलं ओढून खाल्लं. हे मी कोणाला सांगत नाय. तुम्हाला सांगितलं, झालं.

ती कधी एका शब्दानं बोलली नाय. त्याचाही मला राग यायचा. शिव्या घालायच्या होत्यास की बये, मी मोकळी तरी झाले असते.

शहाण्णवला पावसाळ्यानंतर तिची छाती धरली. नूतननं तिला रोह्याला नेऊन मिशनच्या दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले तर म्हातारी उशीला टेकून एका सिस्टरचा हात धरून बसलेली. सिस्टर म्हणजे मिशनची जोगीण, केरळची, मराठी तोडकंमोडकं. बोटात साधी पिवळी अंगठी. सीताबाईनं मला ती अंगठी दाखवली, जशी काय तिच्या माहेरची जिन्नस हाय. या बाईनं देवाशी लगीन लावलंय, म्हणाली, आणि ही अंगठी त्याची खूण. सिस्टर हसून पुढच्या खाटेकडं गेली. मी म्हटलं, बरं, असेल. मी डाळिंब सोलायला घेतलं.

मग ती म्हणाली, "हौसा, पीर नवरी झाला. ही सिस्टर नवरी झाली. आपल्या देवळात अभंग म्हनतात त्यातबी तेच गो, जीव सासरी जातो. मीच का म्हनून राहू? मी मेले की माझा धवला तू म्हन."

माझ्या हातातलं डाळिंब तसंच राहिलं. मयताला धवला म्हणणारी धवलारीण मी ऐकली नाय. ज्या तोंडानं मयतात धवला म्हटला, ते तोंड कोण आपल्या पोरीच्या हळदीला बोलवेल? म्हणजे जे तिचं गेलं, तेच आता माझं जाणार. मला वाटलं, हिनं बरोब्बर सूड काढलाय. तिच्या तोंडाकडं बघितलं तर तिथं सूडबीड काय नव्हता. डोळे चमकत होते, हळदीच्या पोरीचे चमकतात तसे. मग तर मला आणखीनच चीड आली.

मी विचारलं, बरं, म्हणते, पण नवऱ्याचं नाव काय घेऊ? बांधावरल्याचं की देवळातल्याचं की या सिस्टरच्या? नाव पडल्याशिवाय लगीन लागत नाय हे तूच शिकवलंस.

म्हातारी चक्क लाजली. तोंडाला पदर लावून म्हणाली, "बायकूनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नस्तं गो."

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडं खरंच बाया नवऱ्याचं नाव घेत नायत, म्हणून तर ते धवलारणीला घ्यावं लागतं. पण धवलारणीला तरी कोणी सांगायला नको? खूप खोदून विचारलं. नाय ते नायच. शेवटी मी रागारागानं कबूल केलं आणि एस.टी. पकडली. नागोठण्यापर्यंत मी मनात तिच्याशी भांडत होते.

माघात तिला तिच्या घरी आणली, आणि पुढच्याच सोमवारी सकाळी न्याहारीच्या वेळेला ती गेली. पेज मागितली, मी आणायला वळले, तेवढ्यात.

अंगणात माणसं जमली. पुरुष तिरडी बांधत होते. हैबतराव टाळकरी घेऊन आलाच होता, ती जिवंत असताना ज्या दारात पाय ठेवला नाय त्या दारात. मी आत जाऊन हळद कालवली, ताटात तांदूळ घेतले आणि सीताबाईच्या उशाशी बसले. तिच्या कपाळाला हळद लावली तशी बाया चमकल्या.

अंगणाच्या कुडाबाहेर चिंचेखाली दाऊदकाका उभा होता. हातात फुलांची चादर घडी करून धरलेली. त्याला कोणी आत ये म्हटलं नव्हतं, आणि तोही येत नव्हता. ज्याच्या पिराच्या उरसाला ती पन्नास वर्षं गायली, तो कुडाबाहेर. आणि जिनं तिला टाकलं ती मी उशाशी. वा रे न्याय!

मी सुरुवात केली.

*कोनाचे दारी मांडव घातला गो, सीताबायचे दारी मांडव...*

टाळ थांबले. हैबतराव तडातडा पुढं आला. डोकं फिरलंय का, मयतात धवला म्हणतेस, गावाला अपशकुन करतेस, सगळं बोलून घेतलं. मी गात राहिले. देव बोलावले, तिची सासू बोलावली, तिचा मिठागरावर गेलेला पहिला नवराही बोलावला, येऊन बस म्हटलं मांडवात.

मग कोपऱ्यातून शकू बोलली. ही हैबतरावाची आई, ऐंशीच्या पुढची. हिचं लगीन सीताबाईच्या सासूनं लावलेलं आणि हैबतरावाचं सीताबाईनं. शकू म्हणाली की म्हणू दे तिला, शब्द दिलेला असेल. आईपुढं हैबतरावाचं काय चालेना. पण मागं हटेल तो हैबतराव कसला! माझ्या कानाशी वाकून तो म्हणाला, "गायाचंच हाय तं विठ्ठलाचं नाव घे. त्या बांधावरल्याचं घेतलंस, तं तुझ्या तोंडून या गावात पुन्ना लगीन लागनार नाय."

आणि तेवढ्यात ती ओळ आलीच.

*नवरा कंचे गावचा आला गो, नाव त्याचं...*

इथं माझी वाचा थांबली. देवाबिवानं नाय थांबवली. माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. विठ्ठल म्हणावं तर चिंचेखालचा म्हातारा तसाच चादर घेऊन परत जाणार. पिराचं घ्यावं तर हे टाळकरी तिरडी टाकून निघतील आणि म्हातारीला चार खांदे मिळायचे नायत. कोणतंही नाव घेतलं तरी कोणी ना कोणी कुडाबाहेर. मला हैबतरावाचा राग आला. माझा राग आला, तीन वर्षांचा सगळा. म्हातारीचा आला, लाजत बसली आणि मला असं अडकवून गेली. आणि त्या वरच्याचाही आला. इतकी नावं लावून घेतलीस, आता एका गरीब बाईच्या लग्नात कोणत्या नावानं उभा राहणार हायस ते तूच सांग की मेल्या! दात-ओठ आवळून मी गप्प बसले. नाय घेत जा, कोणाचंच नाय घेत.

कोणी तरी खोकलं तेवढंच.

आणि शकूनं डोक्यावरून पदर ओढून घेतला, मान खाली घातली. नवऱ्याचं नाव निघालं की आमच्या बाया घेतात तसा. तिच्या शेजारणीनं ओढला. मग सगळ्याच बायांनी. शकूचे ओठ हलत होते, काय म्हणत होती ते ऐकू आलं नाय. चिंचेखाली दाऊदकाकानं डोळे मिटले होते, त्याचेही ओठ हलत होते. आणि खोटं कशाला बोलू, हैबतरावाचेही हलले. ज्यानं त्यानं आपापलं नाव त्या जागेत टाकलं, आणि लगीन लागलं.

मी पुढची ओळ उचलली आणि वरातीपर्यंत सगळा धवला म्हटला. तिरडी उचलली तेव्हा दाऊदकाकानं कुडावरून चादर माझ्याकडं दिली, ती मी तिच्या अंगावर टाकली. कोणी अडवलं नाय. तरी त्याला आत या असंही कोणी म्हटलं नाय, आणि त्या कोणीमध्ये मीही हाय.

त्यानंतर दोन वर्षं मला एका लग्नाचं बोलावणं आलं नाय. लोक धवलारीण वाशीकडून आणायला लागले. आणि तोच हैबतराव भजनात माझी गोष्ट चमत्कार म्हणून सांगायचा! लोक त्याच्या पाया पडायचे. मी आगरात फावडं ओढायला जायचे, आणि संध्याकाळी देवळातून माझंच नाव ऐकून दात खायचे. उरसाला मात्र मी जायला लागले. कोणाच्या बापाला भीत नाय आता. होतं ते गेलंच होतं.

गेल्या माघात एके दुपारी हैबतराव माझ्या दारात आला. चप्पल हातात घेऊन उभा. शकू सकाळी गेली होती. जाताना तिनं त्याच्याकडून शब्द घेतला होता, की माझा धवला हौसाच म्हणेल, आणि नवऱ्याचं नाव घेणार नाय. हे सांगताना तो रडला. आईवर जीव होता त्याचा, ते मी नाकारत नाय.

मला हो म्हणायचं होतं. शकूसाठी मी धावत गेले असते. पण मी उंबऱ्यातून हलले नाय.

"तुझ्या अंगनात दाऊदकाकाला पाट मांड," मी म्हटलं. "कुडाच्या आत. टाळकऱ्यांच्या शेजारी. मग येते."

त्यानं हातातली चप्पल खाली टाकली, पायात सरकवली. आणि गेला.

मी हळद कालवून त्याच्या घरी पोचले तेव्हा तुळशीजवळ पाट होता, नि त्यावर दाऊदकाका अवघडून बसला होता, टोपी नीट करत. पाट हैबतरावानं स्वतः मांडला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं नाय. मीही त्याच्याकडं बघितलं नाय. राग होताच, तो काय जातोय. शकूच्या उशाशी बसले, तिच्या कपाळाला हळद लावली, आणि मांडवात पहिली सीताबाई बोलावली.