उतरलेला आकडा

बाबांनी खिशातून किल्ल्या काढल्या, मग मेजरटेप, मग दोन नटबोल्ट, आणि सगळं टेबलावर ठेवलं.

"अजून काही लोखंड?" स्कॅनवाल्या बाईंनी विचारलं.

मुलीने कानातले काढून बाबांच्या हातात दिले. "बाहेरचं संपलं. आतलं तुम्हीच मोजा."

बाई हसल्या. मुलीला लहानपणापासून दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. त्या रक्तातलं लोह यकृतात, हृदयात साठत जातं. सुई न टोचता ते मोजायचं तर हे यंत्र. डॉक्टर लोह म्हणतात. बाबा लोखंडच म्हणतात.

"तुम्हाला आत उभं राहायचंय?" बाईंनी बाबांना विचारलं. "काम काय करता?"

"वेल्डिंग. गेट, ग्रिल, जिने."

"डोळ्यात कधी कण गेलाय?"

"कधी नाही गेला ते विचारा."

"मग बाहेरच थांबा. आत मोठा चुंबक आहे. एखादा कण राहिला असेल तर डोळा जाईल."

"म्हणजे माझ्यातही लोखंड," बाबा मुलीकडे बघत म्हणाले. "बापावर गेलीस बघ."

पूर्वी आई आत यायची. यंत्राच्या तोंडाशी उभी राहून तिच्या पायाचा अंगठा धरून ठेवायची. आज ती एकटीच आत सरकली आणि यंत्र बोलू लागलं.

*श्वास घ्या. सोडा. घ्या. धरून ठेवा.*

आई गेल्यावर तिने कुणाला न सांगता लोह बाहेर काढायच्या गोळ्या बंद केल्या होत्या, मागच्या स्कॅनमध्ये हृदयाचा आकडा आठ आला, चांगला नाही, फार लोह साठलंय, एवढंच डॉक्टर म्हणाले, आणि तेव्हापासून बाबा रोज सकाळी तिच्या गोळ्या पाण्यात विरघळवतात, लाकडी चमच्याने, स्टीलचा चालेल असं डॉक्टरांनी सांगूनही, ग्लास रिकामा झाला की त्यात पुन्हा पाणी घालून खंगाळतात, तेही पाजतात, ती तोंड वाकडं करते आणि ते

*सोडा.*

*घ्या. सोडा. घ्या. धरून ठेवा.*

रक्ताच्या तपासणीत लोहाचा आकडा उतरलेला बरा, हे घरात सगळ्यांना पाठ, पण इथे उलटं, यंत्र हृदयातून येणारा सूर किती वेळ टिकतो ते मोजतं, लोह जास्त असेल तर सूर लवकर विझतो, म्हणून इथे आकडा चढायला हवा, हे तिला आणि आईला याच खोलीत कुणीतरी समजावलं होतं, बाबा तेव्हा बाहेर बाकावर, घरी गेल्यावर आई त्यांना एवढंच सांगायची, बरं आहे किंवा बरं नाही, आणि आता अंगठा उघडा पडलाय, गार पडलाय, आठच्या खाली गेला असेल तर

*सोडा.*

कपडे बदलून ती बाहेर आली तेव्हा बाबा बाकावर नव्हते. खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. तिची चाहूल लागताच वळले आणि हसले.

"आकडा विचारला मी बाईंना. डॉक्टर सांगतील म्हणत होत्या, पण मी पिच्छाच सोडला नाही."

"मग?"

"उतरला."

तिने भिंतीला हात टेकला. बाबा अजून हसतच होते.

"काळजीचं कारण नाही," ते म्हणाले. "हृदयातील लोहाचे प्रमाण समाधानकारकरीत्या घटले आहे."

ती त्यांच्याकडे बघत राहिली.

लोह.

आईच्या शेवटच्या आठवड्यात तिने फोनवर विचारलं होतं, कशी आहे, तेव्हा बाबा म्हणाले होते, "प्रकृती स्थिर आहे." त्यांच्या घरात प्रकृती हा शब्द त्याआधी कुणी उच्चारला नव्हता. बाबा खोटं बोलायला लागले की वर्तमानपत्रासारखं बोलतात.

भिंतीवरचा हात तिने हळूच काढून घेतला.

"बाबा, आकडा किती?"

"सांगितलं ना, उतरला."

"किती?"

बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ती नीट लागेपर्यंत ते बघत राहिले.

"अकरा," ते म्हणाले, त्यांच्या नेहमीच्या आवाजात. "आठाचे अकरा झाले गं. रोज ग्लास खंगाळून पाजलं, तरी चढलाच. माझंच काहीतरी चुकलं. आई असती तर..."

त्यांची छाती भरलेली, खांदे वर चढलेले, ओठ मिटलेले.

तिने त्यांची मूठ हातात घेतली आणि एकेक बोट उलगडलं. आत तिचे कानातले होते. त्यांची नक्षी तळहातावर लाल उमटली होती.

"बाबा," ती म्हणाली, "आधी श्वास सोडा."