सायलेन्सरवरचा पत्रा

पडदेबाईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती झालीच म्हणून समजावं. गल्लीतल्या निम्म्या खिडक्यांचे पडदे त्यांनी शिवलेले, म्हणून हे नाव. त्या दिवशी मात्र बाईंनी मनावर घेतली होती ती गाडीच्या पोटाखालची किणकिण. गाडी उभी असली की गुपचूप, जरा रेस दिली की खालून कुणीतरी पत्र्याचा डबा वाजवायला लागायचं. गॅरेजवाल्याने फोनवरच निदान केलं होतं : सायलेन्सरची धग अडवायला वर एक पातळ पत्रा असतो, तो सुटलाय, पुढच्या आठवड्यात घेऊन या, बघू.

पुढच्या आठवड्यापर्यंत बाई थांबणार नव्हत्या. त्यांना उद्या सकाळी निघायचं होतं, धाकट्या बहिणीकडे. पाहुणी म्हणून नव्हे, राहायला. शिवणाचं मशीन डिकीत, बॅगा मागच्या सीटवर, सगळं ठरलं होतं. घाटातल्या रस्त्याला मध्येच काही सुटून पडलं आणि हात हलवत परत घरी यावं लागलं, तर ती नामुष्की त्यांना सोसणारी नव्हती.

जाण्याचं कारण विचाराल तर भांडण नाही, तंटा नाही. नवरोबांनी वर्षभर त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं. स्वयंपाकघरातून काही विचारावं, तर बाहेरच्या खोलीतून चकार शब्द येत नसे. जन्मभर कचेरीत नकाशे काढलेला माणूस, निवृत्त झाल्यापासून खिडकीशी पुस्तकात नाक खुपसून बसलेला. पुढ्यात जाऊन उभं राहिलं तर मान वर करून हसायचा, वर 'हं' म्हणायचा. त्या हसण्याने तर बाईंचं पित्त जास्तच खवळायचं.

गुरुवारी त्यांनी धीर करून सांगून टाकलं. नवरोबा बेसिनपाशी दाढी करत होते, नळ वाहत होता. बाई दारातूनच म्हणाल्या, "मी रविवारी धाकटीकडे चाललेय. परत येईनच असं नाही."

नवरोबा आरशातल्या गालाकडे बघत म्हणाले, "बरं."

उभ्या संसाराला एक 'बरं'! बाईंनी तिथल्या तिथे मनाशी गाठ मारली.

तर शनिवारी सकाळी पदर खोचून त्या कामाला लागल्या. मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅकने पुढची बाजू उचलली, खाली आधाराला लोखंडी घोड्या सरकवल्या आणि गाडीला दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितलं. मग जुन्या पडद्याची घडी अंथरून, डोळ्यांवर चष्मा चढवून त्या खाली सरकल्या. थंडगार पत्र्यावर टिचकी मारली, तो थरथरला. बोल्ट शाबूत होता, पण त्याच्याभोवतीचं भोक गंजून एवढं मोठं झालं होतं की पत्रा बोल्टाच्या डोक्यावरून निसटला होता. काज फाटलेलं आणि बटण जागच्या जागी. ही तक्रार बाईंच्या रोजच्या ओळखीची होती.

काज शिवायला पत्रा काही कापड नव्हे. त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून स्क्रूने आवळायच्या पोलादी पट्ट्या आणल्या होत्या. त्यातली एक पट्टी सायलेन्सरचा पाइप आणि पत्रा दोन्हींना मिळून गुंडाळायची आणि आवळायची. ऐकायला सोपं. पट्टीचं टोक पाइपवरून पलीकडे जाईना, गेलं तर हाती लागेना. गंज चेहऱ्यावर सांडत होता. स्क्रूड्रायव्हर सटकला आणि बोटाचं सालटं निघालं. "होत कसं नाही बघते," असं पाइपला बजावून त्यांनी ती पट्टी आवळलीच.

गाडी खाली उतरवली. आता परीक्षा. एकाने रेस द्यायची आणि दुसऱ्याने मागे कान लावायचा. इथे मात्र बाईंचा नाइलाज झाला. त्या आत गेल्या, नवरोबांच्या पुस्तकावर हात ठेवून म्हणाल्या, "मी गाडी चालू करते. मागे बसून सांगा, आवाज गेला का."

नवरोबा लगबगीने आले. बाईंनी रेस दिली, इंजिन बंद केलं, आणि मागून उत्तर आलं, "गेला! अगदी गेला!"

बाईंनी तर आत बसूनही किणकिण स्पष्ट ऐकली होती. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी घाई झालीय का मला घालवायची? तरातरा त्या मागे आल्या, आणि थबकल्या. नवरोबा फरशीवर दोन्ही गुडघे टेकून, गाल बंपरला लावून बसले होते. स्वच्छ विजारीला तेल लागलं होतं. चेहरा असा, की बरोबर उत्तर दिलंय आणि आता शाबासकी मिळणार.

ही टाळाटाळ नव्हती. बाई पायरीवर टेकल्या. पाइप निवेपर्यंत तसंही काही करता येणार नव्हतं. नवरोबा पाठमोरे होऊन हत्यारं आवरायला लागले.

"चहा घेणार?" बाईंनी विचारलं. उत्तर नाही.

"चहा घेणार का?" आवाज चढवून. तरी नाही.

मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "घराला आग लागलीय हो."

नवरोबांनी लहानापासून मोठ्यापर्यंत पाने नीट ओळीत लावले.

वर्षभर जपलेला राग आता कुठे ठेवावा तेच त्यांना कळेना. पण पाइप निवला होता, आणि अर्धवट काम टाकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पुन्हा विटा, पुन्हा जॅक, पुन्हा घोड्या. मागच्या टोकाचंही भोक फाटलेलं निघालं. गाडीखाली पडल्या पडल्या त्या रडल्या, नाक बाहीला पुसलं आणि तिथे दुसरी पट्टी आवळली. गाडी उतरवून रेस दिली तेव्हा इंजिनाच्या घरघरीशिवाय काही ऐकू आलं नाही.

मग त्या नवरोबांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुम्हाला ऐकू येत नाही."

नवरोबा हातातल्या फडक्याकडे बघत राहिले. "कमी येतं," ते शेवटी म्हणाले. "आधी वाटलं, तूच माझ्याशी बोलायचं कमी केलंस. म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. विचारलं तर आणखी चिडशील, म्हणून गप्प बसलो."

"आणि गुरुवारी मी काय सांगितलं?"

"गुरुवारी? तू बोललीस माझ्याशी?"

"म्हटलं, मी धाकटीकडे राहायला चाललेय. बहुतेक कायमची."

नवरोबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "मग मी काय म्हणालो?"

"बरं म्हणालात."

नवरोबांनी बॉनेटचा आधार घेतला. मग म्हणाले, "पुन्हा सांग."

"आता कशाला?"

"सांग म्हणतो ना. माझ्याकडे बघून सांग."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "मी चाललेय."

"नको जाऊस!" नवरोबा इतक्या मोठ्यांदा म्हणाले, की समोरच्या घराची खिडकी उघडली.

बाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. "अहो, हळू," त्या म्हणाल्या. "मला येतंय ऐकू."