ओल्या गोळ्या

अक्षय्य तृतीयेची आखाजी होऊन गेली तरी नीलेशने अभिमनच्या दारात पाय ठेवला नव्हता, हे सुगंधाबाईंच्या घशाखाली उतरत नव्हतं. शेजारचा बैल लंगडला तरी माणूस विचारून येतो. इथे तर पोराच्याच हाताखालच्या माणसाचा डोळा गेला होता.

नीलेश जळगावजवळच्या कारखान्यात सुपरवायझर. पोलादाच्या भट्ट्यांची धूळ, खाणीतला टाकाऊ भुगा मळून तिथे गोळ्या वळतात, वाळवतात, भाजतात. त्यातून पुन्हा लोखंड निघतं. "माझा पोरगा उकिरड्यातून लोखंड काढतो," असं सुगंधाबाई पहूर गावभर सांगत फिरल्या होत्या. आखाजीच्या तोंडावर ओल्या गोळ्या भट्टीत वाफ कोंडून फुटल्या आणि तुकडा अभिमनच्या डोळ्यात घुसला.

शेवटी त्या स्वतःच गेल्या. अभिमन भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याच्या बायकोने, सुंदरबाईने, चहाचंही विचारलं नाही.

"घाई आमच्या मानसानं केली म्हने, अक्का. पोरगी आखाजीले येनार म्हनून ओल्याच गोळ्या भट्टीत लोटल्या. तुमच्या नीलेशभाऊनंच सांगितलं कंपनीत. आता काम बी गेलं, अन् दवाखाना बी आमचा आमीच पाहायचा."

सुगंधाबाई तशाच घरी परतल्या. संध्याकाळी नीलेशला ताट वाढून समोर बसल्या.

"गोळ्या ओल्या हायेत, हे कोनाले ठाऊक होतं?"

"वरून कोरड्या होत्या, आई. ऊन केवढं होतं."

"अन् आतून?"

तो भाकरी मोडत राहिला. "अभिमन म्हणाला होता, अजून वाळू द्या. पण सगळ्यांना सणाला घरी जायचं होतं. माल संपल्याशिवाय साहेब सोडत नव्हते. मी म्हटलं, लोट."

"तू म्हटलं."

"माझी नोकरी गेली असती तर? त्याला काय, दुसरीकडे मजुरी मिळेल."

"आंधळ्याले?"

"एकच डोळा गेलाय."

सून कामिनी पाण्याचा तांब्या ठेवून मान खाली घालून आत गेली. या पोराबद्दल कुठे कुठे काय सांगून ठेवलंय, ते सुगंधाबाईंना एकेक आठवू लागलं.

"उद्या कंपनीत खरं सांगशील?"

"नाही जमणार, आई."

तो हात धुऊन आला.

"मंग ऐक. डोळा गेला ती चूक होती, पोटात घातली असती मी. पन पडल्या मानसावर तू आपलं पाप लोटलं. उद्यापासून मी इथं नाही, सुंदरबाईच्या चुलीपुढं बसनार. गावानं विचारलं, का, तर खरं सांगनार. अन् मी मेली तर मले खांदा द्यायले तू येऊ नको."