चाळिसावी चिठ्ठी

मित्रांनो, झाकणाला पोचा पडलेला आणि कडांना गंज चढलेला मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. हसू नका. एका खेळाचा निकाल माझ्या पोटात लागला होता.

बिस्किटे संपल्यावर एका बेसबॉल क्लबच्या गुणलेखकांनी मला ठेवून घेतले. प्रत्येक सामन्यातल्या धावा ते एका चिठ्ठीवर लिहीत आणि ती माझ्यात टाकत. तरुणपणी ते स्वतः पिचर होते. तेव्हा चेंडू फेकणारा पिचर बॅटही धरायचा. पुढे क्लबने नियम बदलला आणि पिचरच्या जागी दुसराच फलंदाज येऊ लागला. गुणलेखकांना ते फार लागले. "नुसता धावांचा पाऊस! खेळाची पार वाट लावली," असे ते मला ऐकवत. घरात ऐकायला दुसरे कोणी नव्हते.

शेवटी क्लबने सांगितले, "नियमामुळेच धावा वाढल्या हे दाखवा, जुना नियम परत आणू." गुणलेखकांनी लेकीला फोन केला. ती परगावी संख्याशास्त्र शिकवायची. ती सुट्टी काढून आली.

"बाबा, आधी असं धरून चालायचं, की नियमाने काहीच फरक पडलेला नाही."

"म्हणजे माझ्याच विरुद्ध?"

"हो. मग नुसत्या नशिबाने एवढा फरक किती वेळा पडतो ते बघायचं. शंभरात पाचपेक्षा जास्त वेळा पडला, तर नियमाला दोष द्यायचा नाही. कबूल?"

"कबूल."

जुन्या नियमाच्या वीस चिठ्ठ्या, नव्याच्या वीस. नव्या नियमात सामन्यामागे दोन धावा जास्त निघत होत्या. सगळ्या चिठ्ठ्या माझ्यात घालून ते मला खळाखळा हलवत. लेक न बघता वीस काढायची, त्या नव्या नियमाच्या समजायच्या; उरलेल्या जुन्याच्या, त्या ते मोजायचे. दोन्हींच्या सरासरीतला फरक लिहायचा, पुन्हा हलवायचे. असे शंभर वेळा. चार संध्याकाळी बापलेक समोरासमोर बसले होते. माझी हाडे खिळखिळी झाली, पण एवढा आनंद मला पुन्हा कधी मिळाला नाही.

तेवढा फरक फक्त दोनदा आला. गुणलेखक खूश! लेक चिठ्ठ्या आवरू लागली आणि थबकली.

"बाबा, या एकोणचाळीसच आहेत."

मला ठाऊक होते. जुन्या नियमातल्या चोवीस धावांच्या सामन्याची चिठ्ठी त्यांनी पहिल्याच दिवशी शर्टाच्या खिशात घातली होती. पण डबा कुणाची चुगली करणार?

गुणलेखकांचा हात खिशात गेला. "हा एकच सामना आडवा येत होता गं," ते म्हणाले.

पुन्हा शंभर वेळा. आता खरा फरकच सव्वा धावेचा उरला आणि तेवढा तर नशिबानेच सतरा वेळा आला.

सभेला ते मला काखेत घेऊन गेले. "नियमामुळेच धावा वाढल्या, असं मला म्हणता येत नाही," एवढे बोलून खाली बसले. नवा नियम राहिला. लेक परत गेली. गुणलेखकांनी मैदान सोडले आणि मी कपाटावर गेलो.

कधीतरी ते मला खाली काढतात. चिठ्ठ्या मोजतात. चाळीस भरतात. फोनकडे बघतात आणि झाकण लावतात. मला फार एकटे वाटते, आणि त्यांनाही वाटत असणार.

मित्रांनो, उत्तर मनासारखे येणार नसले तरी एकही चिठ्ठी खिशात ठेवू नका. आणि तुमच्या घरी असे कोणी असेल, तर सोडवायला एखादे कोडे नसतानाही त्यांच्यासमोर येऊन बसा.