एकाच मांडीचे दोन फोटो

अर्धा तास झाला तरी बाथरूमचं दार उघडेना.

"अगं टिटवे, मला कामाला जायचंय! आत संसार थाटलास का?" आईने दार वाजवलं.

"आले गं!" आतून आवाज आला. पण दार उघडलं नाही.

टिटवी सतरा वर्षांची. जन्मली तेव्हा नुसते पायच पाय होते आणि आवाज असा, की अख्खी आळी जागी व्हायची. म्हणून बापाने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. बाप जहाजावर नोकरीला, घरी मायलेकी दोघीच. मुलगी कॉलेजच्या संघातून आठशे मीटर धावायची. आई फोटोग्राफर. कपडे, भांडी, औषधं, दुकानदार आणून देतील त्या वस्तूचे जाहिरातीसाठी फोटो काढायची.

गेले काही दिवस मुलीचं काहीतरी बिनसलं होतं. भर उन्हात पायघोळ पँट घालून धावायची. धुतलेले कपडे स्वतःच कपाटात ठेवायची. आईने मनावर घेतलं नाही. 'वयच तसं आहे,' म्हणून ती कामाला लागली.

त्याच दिवशी दुपारी मैदानावरून प्रशिक्षक बाईंचा फोन आला. "ताबडतोब दवाखान्यात या. पोरगी धावता धावता कोसळली."

आई धापा टाकत पोचली तेव्हा टिटवी खाटेवर पडली होती, हाताला सलाईन लावलेलं. डॉक्टरबाई साठीच्या पुढच्या, बोलायला फटकळ. त्यांनी टेबलावरची एक काळी, रबरासारखी जाड, घट्ट तुमान चिमटीत उचलून दाखवली.

"हे हिच्या पँटखाली होतं. काढताना घामाची धार लागली. कमरेला आणि मांडीला कसं सोललंय ते बघा."

"हे काय गं?" आईने विचारलं.

टिटवी भिंतीकडे बघत म्हणाली, "घाम काढायची पँट आहे. मांडीवरचे खळगे जातात तिने. पंधरा दिवसांत."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? दिसतंय ना!" तिने फोन पुढे केला. पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी. डावीकडे खळगेच खळगे, वर 'आधी'. उजवीकडे संगमरवरासारखी गुळगुळीत मांडी, वर 'नंतर'.

आई फोनवर वाकली. ते फोटो तिनेच काढले होते!

चार महिन्यांपूर्वी एक व्यापारी त्या तुमानी घेऊन तिच्या स्टुडिओत आला होता. सोबत फोटोसाठी एक तरुणी. दोन्ही फोटो त्याच दुपारी, वीस मिनिटांच्या अंतराने निघाले. पहिल्यांदा दिवा वरून तिरका धरला, म्हणजे प्रत्येक खळग्यात सावली पडते. दुसऱ्यांदा दिवा समोर आणला, त्याच्यापुढे पांढरं कापड लावलं. सावल्या गेल्या, खळगेही गेले! "पण खरंच जातात का हो?" आईने सहज विचारलं होतं. व्यापारी हसला. "बाई, तुम्ही दिवा सांभाळा." तीही हसली होती. काम ते काम!

आता डॉक्टरबाई टिटवीशी बोलत होत्या.

"घाम म्हणजे काय गं? पाणी आणि मीठ. चरबी काही घामावाटे वाहून जात नाही. ती पँट घालून धावलीस की वजन कमी भरतं, कारण अंगातलं पाणी गेलेलं असतं. दोन पेले पाणी प्यालीस की वजन जागेवर!"

"वजनाचं नाही हो. खळग्यांचं."

"त्याला सेल्युलाइट म्हणतात. गादी पाहिलीस ना? कापूस सगळीकडे सारखाच, पण टाका ओढलेला असतो तिथे खळगा पडतो. तसंच आपल्या कातडीखाली चरबी असते आणि तिच्यातून गेलेले धागे कातडीला आत ओढून धरतात. घामाने टाके उसवतात का? बहुतेक बायकांना हे असतं, बारीक असो की जाड. हा आजारच नाही, तर औषध कशाचं?"

"मग हा फोटो?" टिटवीने हट्टाने फोन पुढे धरला. "हा काय खोटा आहे?"

आई गप्प राहिली असती तरी कुणाला काही कळलं नसतं! जाहिरातीवर फोटो काढणाऱ्याचं नाव कुठे असतं? पण खाटेवर तिची स्वतःची लेक पडली होती.

"खोटा आहे," आई म्हणाली. "मी काढलाय."

टिटवी उठून बसली. मग टिटवीचे डोळे भरून आले. "तुला माहीत होतं? आणि मी रोज ते अंगावर कोंबत होते, आई!"

आणि तिने पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं.

दोन दिवस मुलगी तिच्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने स्टुडिओतला दिवा घरी आणला, स्वतःची साडी गुडघ्याच्या वर खोचली आणि कॅमेरा लेकीच्या हातात दिला. "काढ माझे फोटो. मी सांगते तसा दिवा धर." आधी तिरका, मग समोरून. टिटवीने दोन्ही फोटो पाहिले, पुन्हा पाहिले. "अगंबाई! पंधरा दिवसांचं काम पंधरा सेकंदांत!" असं म्हणून ती खळखळून हसली. आईचा जीव भांड्यात पडला.

तिने लगेच व्यापाऱ्याला फोन लावला. "ते फोटो उतरवा."

"हे उतरवले, तरी दुसरं कुणी तसेच काढून देईल, बाई."

"काढू दे. पण हे कसे निघाले, ते मी गावभर सांगणार!"

आणि तिने ते खरं केलं. पुढच्या रविवारी मैदानाशेजारच्या सभागृहात धावणाऱ्या मुली आणि त्यांच्या आया जमल्या. आईने सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. टिटवी आखूड पँट घालून दिव्यासमोर उभी राहिली. आईने दिवा फिरवला, तसे सगळ्यांच्या देखत तिचे पाय आधी खळग्यांचे झाले, मग गुळगुळीत, मग पुन्हा खळग्यांचे. मुली एकदम कलकलाट करायला लागल्या. "माझ्याही पायांवर दिवा धरा!"

व्यापाऱ्याने फोटो काही उतरवले नाहीत. पण त्या मैदानावर ती तुमान पुन्हा कुणाच्या अंगावर दिसली नाही.

कार्यक्रम संपल्यावर एक पन्नाशीच्या बाई मागे रेंगाळल्या, कुणाची तरी आई. हळूच म्हणाल्या, "मुलीच्या वयाची असताना मी पोहायचे. पहिल्या बाळंतपणानंतर पाय असे झाले, तेव्हापासून तलावाकडे फिरकले नाही. बावीस वर्षं झाली हो!" मग पदर खोचून त्यांनी विचारलं, "उद्या तलाव किती वाजता उघडतो?"

वाचकहो, कुणाच्या तरी दिव्याने पाडलेल्या सावलीला आपण आपलं व्यंग समजतो आणि त्यापायी आपलं धावणं, पोहणं, हसणं सोडून देतो. घाम गाळायचाच, तर तो खेळात गाळा, कामात गाळा. लाजेने मुळीच गाळू नका! आणि दिवा ज्याच्या हातात आहे, त्याने तो खऱ्यावर धरावा.