पुढे सरकवलेलं ताट

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचं ताट बाकाबाकावरून हातोहात फिरतं. त्यात पावाचे बारीक तुकडे असतात, मागून द्राक्षरसाचे छोटे पेले येतात. ज्याचं कुणाशी काही मिटायचं राहिलंय, त्याने तुकडा न उचलता ताट शेजाऱ्याकडे सरकवायचं, अशी आमची जुनी शिस्त. मनात मळ ठेवून खाणारा स्वतःवरच न्याय ओढवून घेतो, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. प्रत्यक्षात ताट कुणी सरकवत नाही. महिन्याचा पहिला रविवार आला की सगळेच्या सगळे स्वच्छ!

त्यामुळे माझ्या सासूबाई, भागाबाई, उन्हाळ्यापासून दर महिन्याला ताट पुढे सरकवू लागल्या तेव्हा पिंप्राळ्यातल्या आमच्या सगळ्या मंडळीत कुजबुज सुरू झाली. दोष अर्थातच माझ्या नावावर गेला. सासू प्रभुभोजन घेत नाही म्हणजे सुनेनेच छळलं असणार, यात कुणाला शंका नव्हती. पुढच्या बाकावरच्या मंदाबाई केळ्यांची फणी घेऊन आल्या आणि मान वाकडी करून विचारत्या झाल्या, "रत्ना, घरात सगळं ठीक ना गं?" मग पाळकसाहेब आले. त्यांनी आम्हा दोघींना समोरासमोर बसवून समेटाची प्रार्थना केली. मी डोळे मिटून दातओठ खात बसले होते. समेट कसला करायचा? आमचं भांडण भाजीतल्या मिठापलीकडे कधी गेलंच नव्हतं.

जुलैत आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, छातीत दुखू लागलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि ऑगस्टच्या पहिल्या रविवारनंतरची तारीख दिली. तेव्हापासून त्यांचं जेवण तुटलं. ऑपरेशनला घाबरल्या असतील असं आम्ही धरून चाललो. एका दुपारी गिलकी चिरता चिरता त्यांचा हात थांबला, तो थांबलेलाच राहिला. माझा धीर सुटला.

"आई, सांगून टाका एकदाचं. माझं काही चुकलंय का?"

"तुनं काय चुकनं बाई?" त्या म्हणाल्या. "न्याय मना व्हनार शे."

त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि पेटी उघडायला लावली. साड्यांच्या तळाशी हिरव्या खणात गुंडाळलेला एक जुना नारळ होता. त्याला चांदीचे डोळे होते, नथ होती. माझं माहेर आधीपासून ख्रिस्ती, तरी खानदेशात वाढलेल्या बाईला हे काय आहे ते सांगावं लागत नाही. ती कानबाई होती. श्रावणातल्या रविवारी इथे घरोघरी ती बसते आणि काही घरांत एकच नारळ पिढ्यान् पिढ्या देवी म्हणून जपतात.

आईंच्या सासूने मरताना तो थोरली सून म्हणून यांच्या ओटीत घातला होता. पुढे माझे सासरे मोठ्या दुखण्यातून उठले आणि घराने बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. तेव्हाचे पाळक म्हणाले, आधी ती वस्तू घराबाहेर काढा. आईंनी सांगितलं, तापीत सोडली. शिंदखेड्याला राहणाऱ्या धाकट्या जावेला, यशोदाबाईंनाही त्यांनी तेच सांगितलं. मरणाऱ्या बाईने ओटीत घातलेली चीज पाण्यात टाकायला मात्र हात धजला नाही. पाळकांचा विश्वास बसला, जावेचाही बसला. पाळकांनी बाप्तिस्मा दिला. जावेने, आमची देवी बुडवली म्हणून, यांच्या घरचं पाणी सोडलं ते आजतागायत. या उन्हाळ्यात पेटी आवरताना तो नारळ पुन्हा हाती आला, आणि तेव्हापासून आईंचा हात ताटाकडे जाईना.

"मी पूजा कधी करी नही, रत्ना. पन मना बाप्तिस्माच खोट्यावर शे," आई म्हणाल्या. "वर गऊ की तो ईचारी. मी काय सांगू?"

त्यांचे हात थंडगार पडले होते. मला आधी राग आला, एवढी वर्षं ही बाई एकटीच हे उराशी घेऊन बसली म्हणून. मग भीतीच वाटली. या मनाने त्या ऑपरेशनच्या टेबलावर गेल्या तर परत येतील का?

योगेंद्र, माझा नवरा, चर्चच्या पंचांपैकी एक. ताट फिरवायचं काम त्याचंच. संध्याकाळी त्याने सगळं ऐकलं आणि लगेच तोडगा काढला.

"आई, शनिवारी मी तापीवर जातो आणि सोडून येतो. म्हणजे तू बोललीस ते खरंच होईल. रविवारी निर्धास्त प्रभुभोजन घे. कुणाला कळायचं कारण नाही."

मला ते पटलं. इतकं पटलं की मी कपाटातून एक जाड कापडी पिशवी शोधून काढली, धुऊन वाळत घातली.

शनिवारी सकाळी योगेंद्र पायात चप्पल घालत होता. आईंनी पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली आणि मांडीवर ठेवली.

"देवले तारीख समजत नही का?" त्या म्हणाल्या. "शिंदखेड्याले चाल. यशोदाना हातमा देसू."

"आई, उद्या तिथे कानबाई बसणार आहे! सगळे भाऊबंद जमले असतील. ख्रिस्ती झालेली बाई घरची देवी पिशवीत घालून दारात उभी! कुणी मोबाईलवर काढलं तर? चर्चचं काय होईल?"

"आणि यांच्या छातीचं काय होईल?" मी म्हटलं. पण आई तोवर लुगडं सावरून दाराशी पोहोचल्या होत्या.

अमळनेर मागे पडलं. शेजाऱ्याकडून मागून आणलेली गाडी योगेंद्र चालवत होता. आई पिशवी कवटाळून बसल्या होत्या, ओठ हलत होते. मी त्यांच्या गोळ्या दहादा चाचपून पाहिल्या.

शिंदखेड्याच्या घरी अंगण सारवलेलं होतं, बाया जमल्या होत्या. यशोदाबाई ओट्यावर सूप घेऊन बसल्या होत्या. कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे तिच्या प्रसादासाठी, गहू काढणं चाललं होतं. त्याची रीत अशी की भावकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन एकेक मूठ टाकायची, आणि तो रोट घरच्यांनीच खायचा. आम्हाला पाहून त्यांची मूठ हवेतच थांबली.

आई उंबऱ्याच्या अलीकडेच उभ्या राहिल्या.

"यशोदा, मी तुले खोटं सांगं. नारय पानीमा टाकाच नही. हाऊ देख."

यशोदाबाईंचा मुलगा अभिमन लालबुंद होऊन पुढे आला. "इतला वरीस आम्हले येडं बनायं, मोठी माय?" त्याचा आवाज चढला. कुणीतरी खिशातून मोबाईल काढलेला मी पाहिला आणि मी त्याच्या नि आईंच्या मध्ये जाऊन उभी राहिले. यशोदाबाईंनी हात वर करून मुलाला थांबवलं. आईंच्या हातून नारळ घेतला, खण उलगडला. चांदीचे डोळे काळे पडले होते. त्यांनी पदराने ते पुसले, बराच वेळ पुसत राहिल्या.

"तुना देव तुले माफ करी का?" त्यांनी विचारलं.

"माले माहीत नही. भ्याव वाटस. तेना आधी तुले ईचाराले उनू."

"मी आज काही सांगनार नही," यशोदाबाई म्हणाल्या. "माले राग शे."

आईंनी मान हलवली. त्या वळल्या, तेवढ्यात मागून यशोदाबाईंचा आवाज आला. नारळ मांडीवर घेऊन त्या पुन्हा सुपापाशी बसल्या होत्या.

"हाई अभिमननी," त्यांनी एक मूठ टाकली. मग दुसरी भरली आणि योगेंद्रकडे पाहिलं. "हाई योगेंदरनी. दरसाल टाकस मी. तू रोट खास नही, माले माहीत शे."

योगेंद्र तडक गाडीत जाऊन बसला. परतीच्या वाटेवर त्याने दोनदा गाडी बाजूला घेतली. विचारलं तर म्हणाला, काही नाही.

रविवारी ताट निघण्याआधी आई बाकावरून उठून उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं सांगितलं, जुन्या पाळकांना फसवल्याचंही. "यशोदानी अजून माफ करेल नही," त्या म्हणाल्या, "पन आते लपाडेल काही नही. मंडळीनी काय ते ठरावा." मंदाबाईंनी तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, आता कुणीतरी उठून म्हणेल, ही कसली ख्रिस्ती, हिला बाहेर काढा. पाळकसाहेब तरुण माणूस. त्यांनी पुढ्यातलं बायबल मिटलं. मग त्यांनी योगेंद्रला खूण केली, की ताट आधी आईंकडे ने.

योगेंद्रने ताट आईंपुढे धरलं. आईंनी तुकडा उचलला, डोळे मिटले आणि खाल्ला. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा. माझा जीव भांड्यात पडला आणि मी रडू लागले. ताट शेवटच्या बाकापर्यंत जाऊन परत आलं. ताट फिरवणाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी घ्यायचं असतं. पाळकसाहेबांनी ते योगेंद्रपुढे धरलं, त्याने मान हलवली. सगळ्या मंडळीसमोर त्याने ते हाताने मागे सरकवलं.

घरी येताना रिक्षात आईंनी त्याचा हात धरला. "भ्यायनास ना? बरं व्हयनं. पन पोटमा ठेवू नको मनासारखं. मना ऑपरेशनना आधी यशोदाकडे जाय. सांग तिले, तू ते नदीमा टाकनार व्हता."

"जातो," तो म्हणाला. "उद्याच जातो."

मी रिक्षाबाहेर पाहत राहिले. पिशवी मीच शोधून दिली होती, मीच धुऊन वाळवली होती. हे त्या दोघांनाही माहीत होतं, पण माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. आणि मी तर मघाशी ताट आल्यावर नेहमीसारखा तुकडा उचलून खाऊनही टाकला होता.