तळाशी एक लिहिलंय

“एचडीपीई म्हणजे कोणतं, मावशी?” लॅपटॉपवरून मान वर न करता परीक्षकाने विचारलं.

टेबलावर पाच वस्तू मांडल्या होत्या. मावशींनी त्यांतला फिनेलचा डबा उचलला. “हा. टिचकी मारा, घशातून बोलतो.”

“टिचकी नको. नुसतं दाखवा.”

कचरा निवडण्याच्या या केंद्रात सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून मावशींना एकोणीस वर्षं झाली होती. प्लास्टिकची जात बोटांना आणि कानांना कळायची, नाव विचारायची गरज कधी पडलीच नव्हती. आता मालक बदलले आणि नियम आला: पाचही नावं बरोबर सांगेल तीच पट्ट्यापाशी राहील, बाकीच्यांची रवानगी मागच्या ढिगावर. आठवडाभर लेकीने भांडी घासता घासता त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. त्या कोरड्या अक्षरांना मावशींनी चालही लावली होती:

पीईटी कुरकुरे पाण्याच्या घोटाला,
एलडी सुळसुळे पिशवीच्या पोटाला.

“आई, परीक्षेत गायचं नसतं गं!” लेक हसून हसून लोळली होती.

पिशवी एलडीपीई. झाकण पीपी. कप पीएस. मावशींची गाडी न अडखळता निघाली होती. दाराशी नंबर लावून उभी असलेली त्यांची उंच मैत्रीण, जिला सगळे शिडी म्हणत, तिने दुरूनच एक बोट नाचवलं: एकच राहिलं.

शेवटची होती पारदर्शक बाटली. मावशींनी ती हातात घेतली आणि त्यांचा हात थबकला. त्यांनी बाटली दुमडली. घडीवर पांढरी रेघ उठली; पीईटीवर अशी रेघ उठत नाही.

“ही पीव्हीसी आहे, साहेब.”

“तळाशी बघा. त्रिकोणात एक लिहिलंय. एक म्हणजे काय?”

“एक म्हणजे पीईटी. पण ही ती नव्हे. छापणाऱ्याचा हात चुकला असेल.”

परीक्षक पहिल्यांदाच हसला. “मावशी, माझ्याकडे उत्तर ठरलेलं आहे. परत विचारतो, शांतपणे सांगा.”

“अगं मावशे, म्हण ना पीईटी!” शिडी दारातून कुजबुजली. “तुझ्या बापाचं काय जातंय?”

मावशींनी पुन्हा ती रेघ पाहिली. असली एक जरी गठ्ठ्यात गेली, तर वितळताना सगळा माल काळा पडतो. एकोणीस वर्षांत त्यांचा एकही गठ्ठा परत आला नव्हता.

“पीव्हीसी,” त्या म्हणाल्या.

परीक्षकाने एक बटण दाबलं. “पुढच्या बाईंना पाठवा.”

शिडी आत गेली आणि पाचही नावं सांगून बाहेर आली. मावशींच्या नजरेला नजर न देता ती पट्ट्याकडे वळली.

मागच्या ढिगावर निवडायचं काही नसतं. कुठल्याच खोक्यात न बसलेलं ते तिथे येतं आणि भट्टीचं जळण होऊन जातं. त्याला आरडीएफ म्हणतात; हे नाव परीक्षेत नव्हतं. मावशींच्या हाती फावडं आलं. तासाभरात, त्यांच्याही नकळत, पायाशी चार छोटे ढीग तयार झाले: चिंध्या, फोम, चपलांचे तळ, पिशव्या.

“मावशी, इथे कसली निवडानिवड करताय? सगळं जळायलाच निघालंय!” लोडरवाला वरून ओरडला. त्याने लोडरचं सुपडं फिरवलं आणि चारही ढीग एकात मिसळले.

“हो रे बाबा,” मावशी म्हणाल्या. फावडं टेकवून त्यांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले. तिथेही बोटं हलत राहिली.